डाळिंब खावे, ढाल समजू नये

आमच्या शेजारच्या काकूंना किरणोपचार सुरू झाले आणि भेटीला येणारा प्रत्येकजण डाळिंबे आणू लागला. सोबत कुणी अर्काच्या गोळ्याही सुचवल्या. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा अभिमान मलाही आहे. पण वाचकहो, थोडे थांबूया.

किरणे डीएनएचे धागे थेट तोडतात, तसेच पेशीतले पाणी फोडून निघालेल्या मूलकांकरवीही. डाळिंबातली, हळदीतली द्रव्ये प्रयोगशाळेत हे मूलक टिपतात, हे खरे. माणसाच्या शरीरात मात्र ती भरवशाची ढाल ठरलेली नाहीत. शिवाय कर्कपेशी मरतात त्याही याच घावाने; गोळ्यांनी त्याच वाचल्या तर?

काकूंना मी एवढेच म्हटले, "डाळिंब आवडीने खा, गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको."