प्रत्येक छंदाचा धंदा करायचा नसतो!



दोन वर्षांपूर्वी मी एक व्हिडिओ टाकला होता, "छंदालाच धंदा बनवा". आपल्या चॅनेलवर बऱ्यापैकी चाललेल्या व्हिडिओंपैकी तो एक. आज त्यातलं अर्धं म्हणणं मी मागे घेतोय. अर्धंच का, पूर्ण का नाही, ते पुढे कळेल.

आधी माझी चूक सांगतो. आमच्या एका बॅचमध्ये एक ताई होत्या. नाव सांगत नाही, त्यांची परवानगी घेतलेली नाही. क्रोशाचं काम इतकं सुंदर करायच्या की वर्गात बसल्या बसल्यासुद्धा हात चालू असायचा. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "ताई, हे फुकट कशाला करताय? ऑर्डरी घ्या!" टाळ्या पडल्या. ताईंनी दिवाळीसाठी तोरणांच्या ४० ऑर्डरी घेतल्या.

एका तोरणाचा भाव ४५० रुपये. लोकर, मणी, पॅकिंग धरून खर्च १४०. राहिले ३१०. पण एका तोरणाला लागायचे सहा तास. म्हणजे तासाला पन्नास-बावन्न रुपये. हा हिशेब मी त्यांच्याकडून आधी करून घ्यायला हवा होता. मी ट्रेनर, बीबीए झालेला, आणि मीच नाही केला. दिवाळी संपली तेव्हा ताईंचा खांदा धरला होता आणि हातात आले होते बारा हजारांच्या आसपास. पैसे गेले नाहीत, खरं आहे. पण नंतर त्या एक वाक्य बोलल्या ते अजून डोक्यातून जात नाही. "सर, आता सुई हातात घ्यावीशीच वाटत नाही."

एका बाईचा रोजचा आनंद मी माझ्या टाळ्यांसाठी संपवला. धंदाही उभा राहिला नाही आणि छंदही गेला.

म्हणून आज एका माणसाची गोष्ट सांगतो. तो दुकानदार नाही, प्रोग्रॅमर आहे. पण छंद आणि पोटापाण्याचं काम एकत्र कसं सांभाळावं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

आधी उडी मारली, ती फसली

अँडी वीअर. अमेरिकेतला. तुम्ही नाव ऐकलं नसेल, पण 'द मार्शियन' सिनेमा कदाचित बघितला असेल. मंगळावर एकटा अडकलेला माणूस बटाटे पिकवून जगतो, तो. त्या सिनेमाची मूळ कादंबरी या वीअरची.

वडील भौतिकशास्त्रज्ञ, आई इलेक्ट्रिकल इंजिनिअर. वडिलांकडच्या जुन्या विज्ञानकथा वाचत पोरगा वाढला. वयाच्या पंधराव्या वर्षी एका सरकारी प्रयोगशाळेत प्रोग्रॅमिंगचं काम करायला लागला. कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स घेतलं, पण डिग्री पूर्ण केली नाही. पुढे गेम बनवणाऱ्या कंपनीत होता. मग एका मोठ्या इंटरनेट कंपनीत गेला आणि १९९९ च्या सुमारास तिथून नोकरी गेली. पण कंपनीचे शेअर हाताशी होते, ते विकून काही वर्षं बसून खाता येईल इतका पैसा आला.

आता तुमच्या-माझ्या फेसबुकवर रोज दिसणारा सल्ला आठवा. "नोकरी सोडा, स्वप्नामागे धावा." वीअरनं नेमकं तेच केलं. साधारण तीन वर्षं पूर्णवेळ लिहिलं. कादंबरी झाली. पण तिला ना एजंट मिळाला, ना प्रकाशक. पैसे संपत आले तसा तो गुपचूप परत प्रोग्रॅमिंगच्या नोकरीत गेला.

इथे थोडं थांबा. यशोगाथा सांगणारे हा भाग गाळतात, कारण तो पोस्टरवर चांगला दिसत नाही. पूर्ण वेळ होता, पैसा होता, हौस होती, तरी जमलं नाही.

मग छंद छंदासारखा केला

नोकरीत परत गेल्यावर त्यानं लिहिणं सोडलं नाही. मात्र त्यातून पोट भरायची अपेक्षा सोडून दिली. स्वतःच्या वेबसाइटवर चित्रमालिका काढायचा, ती २००१ पासून काही वर्षं चालली. लघुकथा टाकायचा, सगळं फुकट. २००९ मध्ये 'द एग' नावाची एक अगदी छोटी कथा टाकली, ती वाचकांनीच आपापल्या भाषेत नेली. तीसहून जास्त भाषांत ती गेली.

आणि त्याचे बाकीचे नाद काय होते? अंतराळयान एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर कुठल्या वाटेनं जाईल याची गणितं करणं. माणूस अंतराळात कसा गेला, त्याचा इतिहास वाचणं. आणि हो, घरी आलेल्यांना झकास कॉकटेल बनवून देणं. हे शेवटचं तर तो स्वतःच्या लेखक-परिचयातसुद्धा लिहितो. गंमत म्हणजे अंतराळाचं एवढं वेड असलेल्या या माणसाला विमानात बसायची भीती वाटते, आणि हेही तो मोकळेपणानं सांगतो.

यातल्या कुठल्या गोष्टीला गिऱ्हाईक होतं? ग्रहांच्या वाटेची गणितं कोण विकत घेणार? आपल्याकडे असता तर घरच्यांनी विचारलंच असतं, "याचा उपयोग काय?"

तेच वेड त्यानं मंगळाच्या गोष्टीत ओतलं. यानाचा मार्ग नुसता कल्पनेनं लिहिला नाही, तो मोजायला स्वतः प्रोग्रॅम लिहिला. एका माणसाला जगायला किती उष्मांक लागतील, त्यासाठी किती बटाटे, त्यासाठी किती माती, किती पाणी, सगळा हिशेब मांडला. पाण्याचा आकडा मोठा आला आणि पाणी आणायचं कुठून हा प्रश्न पडला. मग कथेतला नायक यानाच्या इंधनापासून पाणी बनवतो, तो सगळा थरार त्यातून आला. आपण मालाची यादी करताना "अरे, हे ठेवायला जागाच नाही" असं कळतं ना, तसंच.

गिऱ्हाइकाला दाखवत दाखवत माल बनवला

'द मार्शियन' त्यानं एकदम छापलं नाही. प्रकरण लिहून झालं की वेबसाइटवर टाकायचं, फुकट. वाचणाऱ्यांत विज्ञानाची जाण असलेले बरेच होते. रसायनशास्त्र जाणणारे लोक लिहून कळवायचे, "इथे तुझं चुकलंय." हा वाद घालत बसायचा नाही, दुरुस्त करायचा.

आपण काय करतो? दोन लाखांचा माल भरतो, बोर्ड लावतो आणि मग गिऱ्हाइकाला विचारतो, "आवडलं का?" आणि कुणी चूक काढली तर, "तुम्हाला काय कळतं धंद्यातलं!"

पुढे वाचकच म्हणाले, वेबसाइटवर वाचायला त्रास होतो, ई-बुक दे. दिलं. मग म्हणाले, हे आमच्या किंडलवर चढवता येत नाही, ॲमेझॉनवर टाक. टाकलं. तिथे फुकट ठेवता येईना, म्हणून सगळ्यात कमी किंमत लावली, ९९ सेंट. म्हणजे डॉलरला एक सेंट कमी. तीन महिन्यांत ३५ हजार प्रती गेल्या.

जरा कॅल्क्युलेटर काढा. त्या किमतीला लेखकाला ३५ टक्के मिळतात. म्हणजे एका प्रतीमागे साधारण ३५ सेंट. ३५ हजार प्रतींचे झाले १२ हजार डॉलरच्या आसपास. चांगली रक्कम, पण अमेरिकेत त्यावर कुणी नोकरी सोडत नाही. त्यानंही सोडली नाही. २०१३ मध्ये क्राउन या मोठ्या प्रकाशनानं पुस्तकाचे हक्क घेतले, त्याच सुमारास सिनेमाचेही हक्क गेले, तेव्हाही तो प्रोग्रॅमरच होता. छापील पुस्तक २०१४ मध्ये आलं, रिडली स्कॉट यांचा सिनेमा २०१५ मध्ये. हातात खरंच पैसा आल्यावर मग तो पूर्णवेळ लेखक झाला.

पहिल्या वेळी आधी नोकरी गेली, मग लिहिणं आलं. दुसऱ्या वेळी आधी वाचक आले, नोकरी शेवटी सुटली. माणूस तोच, फक्त क्रम बदलला.

"सर, पण असा एखादाच असतो!"

बरोबर आहे. तुम्ही हे म्हणणार हे मला माहीत होतं. रात्री जागून कादंबऱ्या लिहिणारे प्रोग्रॅमर ढिगानं असतील, त्यातल्या बहुतेकांचं नावही आपल्याला कधी कळणार नाही. म्हणून "छंद जोपासा, एक दिवस सिनेमा निघेल" असं मी अजिबात म्हणत नाही.

मी उलटं म्हणतोय. समजा 'द मार्शियन' कुणीच विकत घेतलं नसतं, तर वीअरचं काय गेलं असतं? पगार चालू होता. गणितं करण्यातली मजा मिळून गेली होती. वाचकांशी गप्पा झाल्या होत्या. फसला असता तरी तो माणूस तोट्यात नव्हता. आमच्या ताई मात्र पैसे मिळूनही तोट्यात गेल्या. हा फरक समजून घ्या.

दुसरी हरकत मला खरी वाटते. "सकाळी आठला शटर वर, रात्री नऊला खाली, छंदाला वेळ कुठून आणू?" मी स्वतः इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान चालवतो, मला हे नवीन नाही. कॉलेजात मी तबला शिकायचो. दुकान सुरू केल्यावर पहिल्या वर्षी सुटला. पुढे त्या तबल्याच्या खोक्यावर वायरची बंडलं ठेवायला लागलो. आणि अभिमानानं सांगायचो, "मी धंद्यासाठी सगळं सोडलं."

सोडून मिळालं काय? रात्री गल्ला मोजताना चिडचिड. उधारी मागताना चढलेला आवाज. रविवारी घरी असलो तरी डोक्यात होलसेलवाल्याचं बिल. धंदा हेच सगळं झालं की मंदीचा एक महिना आला तरी आपणच संपलो असं वाटतं. दुसरं काही तरी आपलं असलं पाहिजे, जिथे कुणी भाव करत नाही.

आणि घरातल्या बाईला तर हा वेळ कुणी देतच नाही, तिला तो मागून घ्यावा लागतो. म्हणूनच तिच्या हातातल्या सुईकडे बघून लगेच "कमाई कर" म्हणणं मला आता बरं वाटत नाही. दिवसातला तेवढाच वेळ तिचा स्वतःचा असू शकतो.

मग काय करायचं?

छंदातून धंदा होऊ शकतो. म्हणून तर मी जुनं म्हणणं अर्धंच मागे घेतलं. पण ऑर्डर घेण्याआधी कागदावर या चार गोष्टी लिहा.

१. एका नगाला लागणारे तास. मालाचा खर्च वजा करून तासाला किती उरतात? तुमच्या गावात कामाला माणूस लावला तर त्याला तासाला जे द्यावं लागेल, त्यापेक्षा कमी उरत असेल तर भाव चुकलाय. भाव वाढवून गिऱ्हाईक मिळत नसेल तर तो छंदच राहू द्या.

२. हेच काम तारखेच्या दडपणाखाली ४० वेळा करायला आवडेल का? एकदा करायला आवडणं वेगळं.

३. कुणी मागतंय का, की आपणच गळ्यात मारतोय? वीअरच्या वाचकांनी ई-बुक मागितलं होतं. "छान आहे" म्हणणारे मोजू नका. "मला एक दे, किती झाले?" म्हणणारे मोजा.

४. तुमचे दोन-तीन छंद असतील तर त्यातला एक असा ठेवा, ज्याला किंमतीचं लेबल कधीच लागणार नाही. वीअरची कादंबरी विकली गेली. कॉकटेल अजूनही पाहुण्यांसाठीच आहे.

त्या ताईंना मी गेल्या महिन्यात फोन केला आणि माफी मागितली. त्या हसल्या, म्हणाल्या, "जाऊ द्या सर, भाचीसाठी टोपी विणायला घेतलीय." मी विचारलं नाही किती तास लागले.

माझ्या तबल्यावरची बंडलंही उतरवली. शाई ठीक होती, वाद्या बदलून घ्याव्या लागल्या. दुकान बंद केल्यावर अर्धा तास बसतो. हात पूर्वीसारखा चालत नाही, शेजारच्या मेडिकलवाल्याला त्रास होतो, पण बसतो. नाही, त्याचा व्हिडिओ टाकणार नाही!

तुमचा कुठला छंद दुकानाच्या नादात खोक्यात गेलाय? खाली कमेंटमध्ये लिहा. आणि कुणी "याचा उपयोग काय" असं विचारलं, तर माझ्याकडे पाठवा.