करोल बागेचा कौल

दिल्ली विधानसभेच्या निवडणुकीचे निकाल ८ फेब्रुवारी २०२५ रोजी जाहीर झाले. ७० पैकी ४८ जागा जिंकून भारतीय जनता पक्ष १९९८ नंतर प्रथमच राजधानीत सत्तेवर आला. २०२० मध्ये ६२ जागा मिळविणारा आम आदमी पक्ष २२ जागांवर घसरला आणि त्याचे सर्वेसर्वा अरविंद केजरीवाल नवी दिल्लीतून चार हजारांवर मतांनी पराभूत झाले. भांडवली वृत्तपत्रांनी या निकालाचा अर्थ ठरलेल्या साच्यात बसविला. मोफत वीज-पाण्याच्या ‘रेवडी’ला जनता कंटाळली, असे त्यांचे निदान आहे. परंतु जिंकलेल्या पक्षाने त्या सवलती चालू ठेवण्याची ग्वाही दिली होती आणि त्यांत महिलांना दरमहा २,५०० रुपयांची भर घातली होती, या साध्या गोष्टीकडे हे निदान करणाऱ्यांनी सोयीस्कर दुर्लक्ष केले. मतदार का दुरावला हे समजून घ्यायचे असेल, तर जेथे हा पक्ष हरला नाही, पण थोडक्यात बचावला, अशा एका मतदारसंघाकडे पाहणे अधिक उद्बोधक ठरेल.

करोल बाग हा अनुसूचित जातींसाठी राखीव मतदारसंघ. बाहेरच्या माणसाला अजमल खान रोडची झगमगती दुकाने आणि गफार मार्केट तेवढे दिसते. त्यामागच्या रैगरपुरा, बीडनपुरा, देवनगर, बापानगर या वस्त्यांत चामड्याचे काम करणारे, दागिने घडविणारे, हमाल, दुकानांतले नोकर आणि घरकाम करणाऱ्या स्त्रिया राहतात. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीकडून सोन्याच्या गलाईच्या धंद्यासाठी आलेले मराठी कारागीरही येथील गल्ल्यांत आहेत. या मतदारसंघाने २०१५ मध्ये आम आदमी पक्षाच्या उमेदवाराला ३२,८८० मतांची आघाडी दिली आणि २०२० मध्ये ३१,७६० मतांची. २०२५ मध्ये तोच उमेदवार ७,४३० मतांनी निवडून आला. पाच वर्षांत त्याची सुमारे १५ हजार मते कमी झाली. भाजपची मात्र नऊ हजारांच्या आसपासच वाढली. म्हणजे दुरावलेल्यांतील बऱ्याच जणांनी विरोधकाला जवळ केले नाही. काही काँग्रेसकडे वळले असतील, काही घरीच बसले असतील. भ्रमनिरास झालेला मतदार नेहमीच दुसऱ्या दारात जाऊन उभा राहत नाही. तो पुष्कळदा नुसताच उठून जातो.

आश्वासने सगळीच मोडली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २० हजार लिटरपर्यंत पाणी मोफत झाले, ऑगस्ट २०१९ पासून २०० युनिटपर्यंत वीज मोफत झाली, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून स्त्रियांना बसचा प्रवास विनामूल्य मिळाला. सरकारी शाळांच्या इमारती सुधारल्या. दहा-बारा हजारांत महिना काढणाऱ्या कुटुंबाला या सवलतींचे मोल काय आहे हे विचारायला अर्थशास्त्री लागत नाही, आणि त्यांची ‘रेवडी’ म्हणून टवाळी करणाऱ्यांना उद्योगपतींची माफ केलेली कर्जे कधी खुपत नाहीत. तिजोरीतून पैसा काढून जे देता येत होते, ते बव्हंशी दिले गेले. जे देण्यासाठी कंत्राटदाराशी, मालकाशी आणि नोकरशाहीशी भांडावे लागले असते, ते दिले गेले नाही. या सरकारच्या दहा वर्षांचा खरा ताळेबंद या दोन वाक्यांत आहे.

२०१५ च्या सत्तर कलमी कार्यक्रमात ५०० नव्या शाळा, २० नवी महाविद्यालये, आठ लाख रोजगार, रिक्त जागांची भरती आणि कंत्राटी पदे कायम करण्याचे वचन होते. यमुना स्वच्छ करण्याची तारीख पुढे पुढे जात राहिली. नोव्हेंबर २०२१ मध्ये ती फेब्रुवारी २०२५ अशी ठरविण्यात आली. त्या तारखेच्या अगदी तोंडावर, जानेवारी २०२५ मध्ये, केजरीवाल यांनी यमुनेची स्वच्छता, चोवीस तास शुद्ध पाणी आणि युरोपच्या तोडीचे रस्ते ही तीन वचने पुरी करता आली नाहीत अशी कबुली दिली. करोनाची साथ आणि तुरुंगवास ही कारणे त्यांनी पुढे केली. या यादीत काय होते यापेक्षा काय नव्हते हे अधिक बोलके आहे. कंत्राटी कामगारांचा तीत उल्लेखही नव्हता.

तो का नव्हता, हे दिल्लीच्या अंगणवाडी सेविकांना विचारावे. ३१ जानेवारी २०२२ पासून हजारो सेविका आणि मदतनीस मानधनवाढीसाठी व सरकारी कर्मचाऱ्याचा दर्जा मिळावा म्हणून मुख्यमंत्र्यांच्या निवासस्थानाजवळ धरणे धरून बसल्या. सरकारने मानधनात काही वाढ केली, पण दर्जाच्या प्रश्नावर ते बोलेना. संप ३८ दिवस चालला. ९ मार्चला अत्यावश्यक सेवांचा कायदा लावून तो बेकायदा ठरविण्यात आला. महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांना हा बडगा ‘मेस्मा’ या नावाने परिचित आहे. मार्च २०१८ मध्ये तो त्यांच्यावर उगारून सरकारला काही दिवसांतच स्थगित करावा लागला होता. दिल्लीत तसे झाले नाही. ज्या नायब राज्यपालांशी दिल्ली सरकारचा शिपायाच्या बदलीवरूनही तंटा चाले, त्यांनी हा आदेश काढला आणि दिल्ली सरकारच्या खात्याने आठशेहून अधिक सेविका-मदतनिसांना कामावरून काढून टाकले. या एका प्रश्नावर दोन्ही सत्ताकेंद्रांचे मनोमीलन व्हावयास मुळीच वेळ लागला नाही.

केंद्राने दिल्लीच्या निर्वाचित सरकारची गळचेपी केली, हे मात्र निर्विवाद आहे. ४ जुलै २०१८ आणि ११ मे २०२३ या दोन्ही दिवशी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्वाचित मंत्रिमंडळाच्या बाजूने कौल दिला. दुसऱ्या निकालानंतर आठच दिवसांनी केंद्राने अध्यादेश काढून अधिकाऱ्यांवरील नियंत्रण पुन्हा आपल्याकडे घेतले आणि ऑगस्टमध्ये त्याचा कायदा केला. २१ मार्च २०२४ रोजी पदावरील मुख्यमंत्र्याला अटक झाली. संघराज्याच्या तत्त्वावरील या आघातांचा निषेध करावा तितका थोडा आहे. पण त्यांच्या आडोशाला सगळेच अपयश लपत नाही.

नाल्यांचेच उदाहरण घ्यावे. १२ फेब्रुवारी २०१९ रोजी करोल बागेतील हॉटेल अर्पित पॅलेसला आग लागून १७ माणसे दगावली, तेव्हा महापालिका भाजपकडे आणि राज्य सरकार आम आदमी पक्षाकडे होते; परस्परांकडे बोट दाखविणे सोपे होते. डिसेंबर २०२२ मध्ये महापालिकाही आम आदमी पक्षाने जिंकली. त्यानंतर २७ जुलै २०२४ च्या पावसात शेजारच्या ओल्ड राजेंद्रनगरमधील एका शिकवणी वर्गाच्या तळघरात पाणी शिरून तीन विद्यार्थी बुडाले. साठवणीच्या परवानगीचे तळघर ग्रंथालय म्हणून चालविले जात होते. सप्टेंबरमध्ये बापानगरात घर कोसळून चौघांचा बळी गेला. नागपूर-लातूरपासून लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी येथे येऊन खुराड्यांत राहणारी शेकडो मराठी मुले जुलैच्या त्या रात्रीनंतर रस्त्यावर बसली होती. ती येथील मतदार यादीत नाहीत. निवडणुकीच्या आश्वासनांतही त्यांच्या तळघरांना जागा नसावी, यात म्हणूनच नवल नाही.

नव्या सत्ताधाऱ्यांनीही वेळ दवडला नाही. महिलांना २,५०० रुपयांचा पहिला हप्ता ८ मार्च २०२५ पर्यंत मिळेल असे प्रचारसभांतून सांगण्यात आले होते. त्या दिवशी मंत्रिमंडळाने योजनेला मंजुरी दिली, ५,१०० कोटींची तरतूद जाहीर केली आणि एक समिती नेमली. खात्यात छदामही जमा झाला नाही. महाराष्ट्रातील वाचकाला हे ओळखीचे वाटेल. ‘लाडक्या बहिणीं’चे १,५०० रुपये २,१०० होणार होते, मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ते १,५०० च राहिले. शेतकऱ्यांचा सातबारा कोरा होणार होता. त्याच महिन्याच्या अखेरीस उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी त्यांना ३१ मार्चपूर्वी कर्जाचे हप्ते भरण्यास सांगितले.

आम आदमी पक्षाने आरंभी एक वचन असे दिले होते की, ज्यामुळे बाकीच्या वचनांचा हिशेब मतदाराला पाच वर्षे न थांबता मागता आला असता. ते मोहल्ला सभांचे. वस्तीतील नाल्याचे, दिव्याचे, दवाखान्याचे पैसे कोठे खर्च व्हावेत हे वस्तीनेच बसून ठरवायचे होते. ते सर्वांत आधी मागे पडले. मार्च २०१५ अखेर, सरकार येऊन दीड महिनाही झाला नव्हता, तेव्हा अलिबागजवळ स्थायिक झालेले माजी नौदलप्रमुख रामदास यांना पक्षाच्या अंतर्गत लोकपाल पदावरून दूर करण्यात आले. ज्या पक्षाला घरातला लोकपाल सहा आठवडे सोसवला नाही, त्याला रैगरपुऱ्यातील सभा सोसवली नसती.

या निवडणुकीत डाव्या पक्षांना दिल्लीभर मिळालेली मते ‘नोटा’च्या मतांपेक्षा कितीतरी कमी होती, हेही येथे नोंदवले पाहिजे. करोल बागेत उठून गेलेल्या मतदाराला जाण्यासारखे तिसरे ठिकाण दिसले नाही. ३८ दिवस धरणे धरणाऱ्या सेविकांपैकी कित्येकजणी अशाच वस्त्यांत राहतात. कामावरून काढलेल्यांना परत घ्यावे ही त्यांची मागणी सरकार बदलल्याने निकालात निघालेली नाही. निवेदनावरचे नाव तेवढे बदलले आहे.