हळद अंगणात, पाकीट निविदेतून

मार्चमध्ये वसमत तालुक्यातून एसटीने जाताना खिडकी उघडी असली की गाव येण्याआधी गावाचा वास येतो. हळद शिजत असते. कुकरमधून वाफेचे लोट निघत असतात, शाळेच्या कुंपणापर्यंत ताडपत्र्या अंथरलेल्या असतात आणि त्यांवर वाळत घातलेल्या कांड्यांच्या कडेकडेने पोरे दप्तर सावरत जातात. गेल्या हंगामात अशाच एका गावच्या जिल्हा परिषद शाळेत आम्ही दुपारी थांबलो होतो. चुलीवर वरण उकळत होते. स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी फळीवरून हळदीचे पाकीट काढले, कोपरा दाताने फाडला, चमचाभर हळद टाकली. पाकिटावरचा पत्ता जिल्ह्याबाहेरचा होता. मावशी क्षणभर वरणाकडे बघत राहिल्या. मग पदराच्या गाठीतली कागदाची पुडी सोडून त्यांनी आणखी चिमूटभर टाकली. “रंगच येईना हिला सर. मग घरची आणून टाकते.”

त्या घरच्या चिमटीची नोंद कुठल्याही रजिस्टरात नाही. पोषण आहाराच्या चव नोंदवहीत त्या दिवशी ‘चांगली’ असा शेरा होता आणि तो खराच होता.

या मासिकाचे वाचक ग्रामपंचायत अधिकारी, गटविकास अधिकारी, विस्तार अधिकारी, पर्यवेक्षिका, मुख्याध्यापक. हे पाकीट तिथे कसे पोचते ते आपल्याला सांगायला नको. तांदूळ अन्न महामंडळाच्या गोदामातून येतो. डाळी, कडधान्ये, तेल, तिखट, हळद, मोहरी हा माल ठरलेला पुरवठादार आणून टाकतो. शाळेच्या हातात राहतात ते इंधन आणि भाजीपाल्याचे पैसे, तेही मागाहून. तोवर गावातल्या दुकानात मुख्याध्यापकांच्या नावावर उधारी चालते. प्राथमिकच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने, उच्च प्राथमिकला ७०० आणि २० हे माप सगळ्यांना पाठ आहे. त्या मापात आलेला माल कोणाच्या शेतातला, हा प्रश्न मात्र कोणत्याही नमुन्यात विचारलेला नाही.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यात तो विचारायला हवा. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा पिकवतो भरपूर. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, वसमतलाच बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात हंगामात हळदीच्या गाड्यांची रांग रस्त्यावर येते. तूर आहे, हरभरा आहे. आणि सोयाबीन तर इतके, की खरिपात बांधावर उभे राहिले की दुसरे पीक शोधावे लागते. एवढे सगळे जिल्ह्याबाहेर जाते आणि त्यातले थोडेसे पाकिटात बसून, भाडे आणि नफा अंगावर घेऊन परत येते.

यावर आपल्याकडचे नेहमीचे उत्तर असे, की अन्न हा आपला विषय नाही. तो पुरवठा खात्याचा, शिक्षण खात्याचा, महिला व बालविकासचा. आम्हाला हे उत्तर पटत नाही. ७३व्या घटनादुरुस्तीने जोडलेली अकरावी अनुसूची काढून बघावी. २९ विषयांत शेती आहे, पशुसंवर्धन आहे, मत्स्यव्यवसाय आहे, बाजार व जत्रा आहेत, महिला व बालविकास आहे, सार्वजनिक वितरण व्यवस्थाही आहे. ताटातला एकही पदार्थ या यादीबाहेरचा नाही. अडचण वेगळीच आहे. अन्नाला लेखाशीर्ष नाही. रस्त्याला आहे, नालीला आहे, हायमास्ट दिव्याला आहे. लेखाशीर्ष नसले की आराखड्यात विषय येत नाही, आराखड्यात नसले की ग्रामसभेत बोलणे होत नाही आणि मग वरून येईल ते शिजवायचे, एवढेच उरते.

वरून काय येईल याचा भरवसा किती, हे अंड्याने दाखवून दिले. नोव्हेंबर २०२३ मध्ये शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे, न खाणाऱ्यांना केळी, असे ठरवले. मुलांना सवय लागेपर्यंत जानेवारी २०२५ उजाडला आणि शासनाने त्यासाठीचा निधी काढून घेतला. लोकसहभागातून जमले तर द्या, असे सांगितले. आत्महत्याग्रस्त म्हणून नोंदलेल्या १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांचेही तसेच झाले. हिंगोली त्यात आहे. २०१५ पासून स्वस्तात मिळणाऱ्या धान्याऐवजी २०२३ मध्ये माणशी महिना १५० रुपये बँकेत टाकायचे ठरले. दोन्ही निर्णय चांगले की वाईट यावर वाद होऊ शकतो. आमचा मुद्दा एवढाच की दोन्ही वेळा गावाला कोणी विचारले नाही आणि गावाकडे स्वतःची अशी तरतूद नव्हती, की निदान अंडे तरी आम्ही चालू ठेवतो असे म्हणता यावे.

तरतूद खरोखर नव्हती का? ६० पटाची शाळा धरा. अंडे ७ रुपयांना, शाळेचे आठवडे ४०. वर्षाचा खर्च १६,८०० रुपये. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायचीच असते. ती कशावर होते, हे आपण एकमेकांना सांगण्यात अर्थ नाही. प्लास्टिकच्या खुर्च्या, सतरंज्या आणि मार्चअखेरीस घाईघाईने घेतलेली खेळणी अंगणवाडीच्या कपाटात कुलूपबंद असतात. वसुली कमी असलेल्या गावात त्या १० टक्क्यांतून वर्षभर अंडे बसणार नाही, मान्य. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या नावातच पोषण आहे, तिचा अबंधित निधी आहे. उरलेल्यासाठी लोकवर्गणी मागता येते. भंडाऱ्याला पावती फाडणारे गाव पोरांच्या अंड्याला नाही म्हणेल, असे आम्हाला वाटत नाही. अंडे कोणी खायचे, कोणी नाही, यावरून भांडण होईल. होऊ द्यावे, ग्रामसभेत ताटावरून झालेले भांडण हे सभेला कोरम असल्याचे लक्षण आहे.

हळदीचा हिशोब त्याहून सोपा. मुलामागे रोज १ ग्रॅम, २०० दिवस, ६० मुले: वर्षाला १२ किलो. एका कट्ट्याचा पाव भाग. पुरवठ्याचा करार मोडा असे आम्ही सुचवत नाही. तो जिल्ह्याच्या आणि राज्याच्या पातळीवरचा कागद आहे. पण पुढच्या निविदेत हळद आणि तूरडाळ या दोन वस्तू जिल्ह्यातल्या बचत गटांकडून किंवा शेतकरी उत्पादक कंपन्यांकडून घेण्याची अट घाला, असा ठराव ग्रामसभा करू शकते, पंचायत समिती तो पुढे पाठवू शकते. अंगणवाडीच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ च्या आदेशात पोषण आहाराच्या पुरवठ्यात कंत्राटदार नकोत, असेच म्हटले आहे. तिथे गरम ताजा आहार शिजवणारे गट गावातलेच आहेत. त्यांनी हळद कोणाची घ्यावी, हे ठरवायला कोणाची मंजुरी लागते?

एक खबरदारी मात्र घ्यावी लागेल. दळलेला मसाला सुटा विकायला अन्नसुरक्षा कायद्याखालच्या नियमांनी मनाई आहे, पाकीटबंदच विकावा लागतो. गटाने अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदणी करून घ्यावी. छोट्या उलाढालीला परवाना लागत नाही, साधी नोंदणी पुरते. कांडी गावातली, चक्की गावातली, पाकीट गटाचे. यातला फायदा भाड्यापुरता नाही. बांगलादेशात पॉलिश करताना कांडीला झळाळी यावी म्हणून लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा रंग चोळत. २०१९ मध्ये तिथल्या बाजारातल्या हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडले. सरकारने घाऊक बाजारात तपासणी लावली, दंड केले, भित्तिपत्रके चिकटवली आणि २०२१ पर्यंत ते प्रमाण शून्यावर आले. दोन वर्षांत. शिसे लहान मुलांच्या मेंदूत जाते, म्हणून हे इथे सांगायचे. हळद पिकवणाऱ्या जिल्ह्याने आपल्या पोरांना न भेसळलेली हळद देणे, ही काही फार मोठी महत्त्वाकांक्षा नव्हे.

ज्वारीकडे वळले की मन खट्टू होते. हिंगोली, सेनगावच्या शिवारात एकेकाळी ज्वारी होती, कडबा होता, म्हणून जनावर होते, म्हणून दूध आणि खत होते. सोयाबीनने पैसा दिला, पण ही साखळी तोडली. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, ज्वारीला गिऱ्हाईक आणि पाखरांपासून राखणदार दोन्ही उरले नव्हते. शेजारच्या परभणी कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटबरोबर ‘परभणी शक्ती’ हा लोह आणि जस्त जास्त असलेला ज्वारीचा वाण २०१८ मध्ये दिला. रक्तक्षयाच्या गोळ्या वाटणाऱ्या जिल्ह्याला हा वाण अक्षरशः हाताशी आहे. अंगणवाडीत आठवड्यातून दोनदा ज्वारीचा पदार्थ ठरला, तर त्याला लागणारे गिऱ्हाईक आपण स्वतःच आहोत. ओडिशातल्या केओंझर जिल्ह्याने २०२० पासून अंगणवाडीत नाचणीचे लाडू सुरू केले. पैसा जिल्हा खनिज निधीतून काढला. आपल्याकडे खाणी नाहीत. पण जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण योजनांचे शीर्ष आहे आणि तोंडापूरचे कृषी विज्ञान केंद्र बियाणे कुठे, किती, हे सांगायला बसलेले आहे.

दूरचे उदाहरण हवे असेल तर ब्राझीलचे. बेलो ओरिझोन्ती या शहराच्या नगरपालिकेने १९९३ मध्ये अन्नासाठी स्वतंत्र खातेच काढले. पुढे २००९ मध्ये त्या देशाने कायदा केला, की शालेय आहारासाठी केंद्राने दिलेल्या पैशातले किमान ३० टक्के छोट्या शेतकरी कुटुंबांकडून खरेदीवर खर्च झालेच पाहिजेत. तिथेही अधिकारी म्हणाले होतेच, की छोटा शेतकरी वेळेवर माल देणार नाही. आपले पुरवठादार किती वेळेवर देतात, ते मुख्याध्यापकांना विचारावे.

आठवडी बाजाराबद्दल थोडेसे. बाजार ग्रामपंचायतीचा, लिलाव ग्रामपंचायत करते, पावती ठेकेदार फाडतो. टोपलीभर मेथी घेऊन बसलेल्या बाईलाही पावती आणि टेम्पोतून माल उतरवणाऱ्यालाही पावती. लिलावाच्या अटींत एक ओळ घाला: स्वतःच्या शेतातला भाजीपाला टोपलीत विकणाऱ्याकडून वसुली नाही. ठेकेदार बोली थोडी कमी करेल, करू दे. बाजारात पाण्याचा नळ आणि बायकांसाठी स्वच्छतागृह यासाठी तर बंधित निधीच आहे. पंधराव्या वित्त आयोगाने ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिली होती. त्याच शीर्षाखाली शाळेच्या हात धुण्याच्या जागेचे सांडपाणी वळवले की परसबाग होते. शेवगा, पपई, कढीपत्ता एवढे तर उन्हाळ्यातही तगते. स्पर्धेपुरती लावलेली आणि फोटोनंतर वाळलेली परसबाग आम्हीही पाहिली आहे. बहुतेक ठिकाणी ती पाण्यावाचून गेली, उत्साहावाचून नव्हे.

कळमनुरीतल्या आंध आदिवासी गावांचा प्रश्न वेगळा आहे. कळमनुरीला आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आहे, पण जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नसल्याने पेसा नाही. शेजारच्या किनवटच्या ग्रामसभेला जे अधिकार आहेत, ते इथल्या सभेला नाहीत. तेव्हा तिथे जे करायचे ते साध्या ग्रामसभेच्या बळावरच करावे लागेल आणि त्या सभेचे इतिवृत्त नीट लिहिणारा माणूस लागेल.

स्वयंपाकघरातल्या मावशींना २०२३ च्या वाढीनंतर महिना २,५०० रुपये मानधन ठरले. दिवसाला शंभरही नाहीत. न्याय्य अन्नव्यवस्था हा शब्द आपण कार्यशाळांत वापरतो, तेव्हा हा आकडा फलकावर लिहून ठेवावा. त्या मानधनात ग्रामपंचायतीने स्वनिधीतून भर घालू नये, असे सांगणारा शासन निर्णय कोणाच्या पाहण्यात असेल तर जरूर कळवा.

मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. सदस्य नसताना धोरण कसे करायचे, ही सबब त्यानंतर फार ऐकली. ग्रामसभेला मात्र कधी प्रशासक लागला नाही. २ ऑक्टोबरच्या सभेपासून पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्याचे काम सुरू होईल. त्याआधीच्या महिला सभेत स्वयंपाकी मावशी, अंगणवाडी सेविका आणि बाजारात बसणाऱ्या बायकांना मुद्दाम बोलवा आणि आराखड्यात ‘अन्न’ असे एक पान घाला. त्यात अंडे, हळद, ज्वारी, बाजाराची पावती यांपैकी काहीही असो, एक असले तरी चालेल. मंजूर ठरावाची प्रत आमच्याकडे पाठवा, आम्ही जशीच्या तशी छापू. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला असेल तर आक्षेपासकट पाठवा. पुढच्या गावाला तोच जास्त उपयोगी पडेल.