पदकांच्या अपुऱ्या नोंदी पूर्ण करून घ्या : नागपूर जिल्ह्यातील माजी सैनिक, त्यांचे कुटुंबीय आणि नागरिकांना जाहीर आवाहन



१९६५ आणि १९७१ च्या युद्धकाळात फौजेत असलेली माणसे आपल्या जिल्ह्यात आजही हयात आहेत. कोणी कामठीतच स्थायिक झाले, कोणी काटोल-सावनेरकडे शेतीवर परतले, कोणी शहरात दुसरी नोकरी धरली. त्यांच्या घरी, बहुधा जुन्या लोखंडी ट्रंकेत, एक डिस्चार्ज बुक असते. भरतीची तारीख, सुटल्याची तारीख, हुद्दा, चालचलन आणि मिळालेली पदके, एवढ्या नोंदींत त्या माणसाची सारी फौजी कारकीर्द सामावलेली असते. यातला पदकांचा रकाना नीट वाचा, एवढीच माझी पहिली विनंती आहे. तो अपुरा किंवा कोरा राहिला असण्याची शक्यता खरी आहे. शासनाने पदक जाहीर केले, जवान नियमाने त्याला पात्र होता, तरी नोंद झाली नाही, असे घडू शकते. अशी नोंद आजही दुरुस्त होते. तो सैनिकाचा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे. मात्र ज्या पुराव्यांवर ही दुरुस्ती उभी राहते ते पुरावे झपाट्याने नाहीसे होत आहेत, म्हणून हे आवाहन आत्ताच करावेसे वाटले.

नोंदी राहून गेल्या त्या कोणाच्या दुष्टाव्यामुळे नव्हे. त्याचे मुख्य कारण तारखांमध्ये आहे. १९६५ चे युद्ध सप्टेंबरात थांबले, पण त्या युद्धासाठीची दोन पदके, समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल, स्थापन झाली १९६७ मध्ये. १९७१ चे युद्ध डिसेंबरात संपले, आणि पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार व संग्राम मेडल स्थापन झाली ती १९७३ मध्ये. पदक स्थापन झाल्यावर पात्र जवानांच्या याद्या व्हायच्या, त्या रेकॉर्ड ऑफिसकडे जायच्या, आदेश निघायचा आणि मग नोंद व्हायची. या मधल्या काळात जो फौजेतून सुटला त्याचे डिस्चार्ज बुक त्याच्या हाती आधीच पडलेले होते. त्यात पदकाची नोंद येणार तरी कुठून? पदक मागाहून जाहीर झाले हे गावी कळवायला कोणी आले असेलच असे नाही. जखमींच्या पदकाचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. शत्रूच्या प्रत्यक्ष कारवाईत जखमी झालेल्यांसाठीचे हे पदक १९७३ मध्ये स्थापन झाले, पण ते लागू केले १५ ऑगस्ट १९४७ पासून. म्हणजे १९४७-४८ च्या काश्मीर लढाईत गोळी लागून घरी आलेला जवान या पदकाला पात्र ठरला तो पाव शतकानंतर. तोवर तो कुठे होता, काय करत होता, याचा पत्ता किती ठिकाणी ठेवला गेला असेल?

दुसरे कारण बदल्यांचे. फौजेत माणूस एका रेजिमेंटमधून दुसरीकडे जातो, पलटण नव्या दलात वर्ग होते, आणि कागद मागून प्रवास करतात. निवृत्तीनंतर डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये पुन्हा भरती झालेल्यांचे रेकॉर्ड तर दोन ठिकाणी असते, पहिल्या सेवेचे मूळ रेजिमेंटकडे आणि दुसऱ्या सेवेचे केरळातील कण्णूरला. पहिल्या सेवेत कमावलेले दुसऱ्या पुस्तकात उतरलेच असेल असे समजून चालू नये. टेरिटोरियल आर्मीच्या जवानाची सेवा तुकड्यातुकड्यांत झालेली असते. त्यात नावांचा घोळ वेगळाच. भरतीच्या वेळी कारकुनाने आडनाव गाळून नुसते नाव आणि बापाचे नाव लिहिले, आणि आज आधार कार्डावर तिन्ही नावे वेगळ्या वर्णलेखनात आहेत, ही अडचण सैनिकांच्या कुटुंबांना नवी नाही.

आता मुख्य मुद्दा. ज्यांना पेन्शन लागू झाली त्यांचे कागद रेकॉर्ड ऑफिसकडे जपलेले असतात. पण जे पेन्शनपात्र सेवा पूर्ण होण्याआधी सुटले त्यांचे सेवापत्रक २५ वर्षांनंतर नष्ट केले जाते. आर्मीच्या नियमावलीतील परिच्छेद ५९५ मध्येच ही तरतूद आहे. मागे उरते ती लाँग रोल नावाची कायम यादी, आणि तिच्यात नंबर, नाव, आल्या-गेल्याच्या तारखा अशा मोजक्याच गोष्टी असतात. १९७२ मध्ये सुटलेल्या जवानाचे सेवापत्रक या नियमाने १९९७ नंतर कधीही नष्ट झालेले असू शकते. त्याच्या सेवेचा सर्वांत तपशीलवार पुरावा आज सरकारकडे नाही, तो त्याच्या घरच्या ट्रंकेत आहे. त्या ट्रंकेला वाळवी लागली, घर पाडताना ती भंगारात गेली, की विषय संपला. दुसरा पुरावा म्हणजे सोबत्याची साक्ष. १९७१ मध्ये विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या घरात आहे आणि १९६५ चा ऐंशीकडे झुकला आहे. त्यांच्या साक्षीसाठी आणखी दहा वर्षे थांबता येणार नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो पैशाचा. युद्धात सहभागाच्या पदकाबरोबर एक रुपयाही मिळत नाही, मग म्हाताऱ्या माणसाला कागदांमागे का धावायला लावायचे? जखमींच्या बाबतीत हा आक्षेप मुळातच चुकीचा आहे. जखम युद्धात झाली अशी नोंद असणे आणि नसणे यावर युद्धजखमी म्हणून मिळणारी पेन्शन अवलंबून असते, आणि तिथे एका ओळीच्या अभावी कुटुंबाचे आयुष्यभराचे नुकसान होते. पण पैसा न देणाऱ्या पदकाचेही मोल कमी नाही. कामठीला ज्यांचे रेजिमेंटल सेंटर आहे त्या ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे लान्स नायक अल्बर्ट एक्का यांना गंगासागरच्या लढाईसाठी मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. ३ डिसेंबर १९७१ च्या रात्री सुरू झालेली ती लढाई १४ गार्ड्स या त्यांच्या पलटणीने लढली, एकट्या एक्कांनी नव्हे. त्यांच्या डाव्या-उजव्या बाजूला जे चालत होते त्यांच्यासाठी सन्मानपत्र वाचले गेले नाही, त्यांचे पुतळे नाहीत. ते तिथे होते याची शासनाने दिलेली खूण म्हणजे पूर्वी स्टार. शौर्यपदक थोड्यांनाच मिळते, म्हणूनच बाकीच्यांच्या बाबतीत सहभागाची नोंद बिनचूक असली पाहिजे. ती गाळली तर त्या माणसाचा लढाईशी असलेला संबंधच कागदावरून पुसला जातो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो माजी सैनिकांकडूनच येतो. असे दार उघडले तर खोटे दावे होतील, ज्यांनी गोळीचा आवाज ऐकला नाही तेही छातीवर रिबन लावतील. ही भीती मला रास्त वाटते. म्हणूनच आपण कशाची मागणी करतो आहोत हे स्पष्ट असले पाहिजे. शौर्यपदकासाठी वरिष्ठांची शिफारस लागते, ती त्या त्या वेळीच व्हावी लागते. कुटुंबाने पन्नास वर्षांनी अर्ज करून ते मागण्याची गोष्ट नाही, आणि या आवाहनाचा त्याच्याशी संबंध नाही. सहभागाचे पदक मात्र निव्वळ नियमावर मिळते. रक्षा मेडलचेच पाहा. ५ ऑगस्ट १९६५ रोजी जवान सेवेत हवा आणि त्याची सेवा किमान १८० दिवस झालेली हवी. भरतीची तारीख दाखवली की हिशेब जमतो किंवा जमत नाही. आघाडीच्या पदकांसाठी पलटण कोणत्या भागात होती हे युद्धदैनंदिनीवरून ताडता येते. संरक्षण मंत्रालयाने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या धोरणानुसार अशा दैनंदिन्या साधारण २५ वर्षांनी खुल्या व्हायच्या आहेत. पडताळणीची इतकी साधने असताना खोट्याच्या भीतीपोटी खऱ्याला अडवून ठेवणे हा न्याय नव्हे. उलट पद्धतशीर तपासणी सुरू झाली, तर बाजारातून पदके विकत घेऊन मिरवणाराच उघडा पडेल.

युद्धाची नोंद एकदा झाली की ती दगडावरची रेघ, ही समजूतही खरी नाही. कारगिल युद्धात ७० इन्फंट्री ब्रिगेडचे नेतृत्व करणारे ब्रिगेडियर देविंदर सिंग यांच्या कामगिरीचा अहवाल वरिष्ठांनी विपर्यस्त केल्याचे सशस्त्र सेना न्यायाधिकरणाने २०१० मध्ये मान्य केले आणि नोंद दुरुस्त करायला सांगितले. एवढ्या वरच्या हुद्द्यावरच्या अधिकाऱ्याला युद्धानंतर अकरा वर्षे झगडावे लागले हे खेदाचे आहे, पण दुरुस्ती होऊ शकते हे त्या निकालाने ठरले. एका ब्रिगेडियरच्या बाबतीत जे योग्य ते सावनेरच्या शिपायाच्या बाबतीतही योग्यच.

तिसरे म्हणणे असे की आता उशीर झाला. पण याहून कितीतरी उशिरानेही असे काम सुरू झालेले आहे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने पहिल्या महायुद्धानंतर शंभर वर्षांनी, २०२१ मध्ये, कबूल केले की किमान १ लाख १६ हजार मृतांचे नावानिशी स्मरण झालेच नाही, त्यांत आफ्रिका आणि मध्यपूर्वेतले लोक प्रामुख्याने होते, आणि भारतीयांसह आणखी ४५ ते ५४ हजारांचे स्मरण इतरांच्या बरोबरीने केले गेले नाही. आयोगाने माफी मागितली आणि नावे शोधायचे काम हाती घेतले. त्याच वर्षी लाहोरच्या संग्रहालयातील १९१९ च्या नोंदवह्यांवरून पंजाबच्या सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांची गाववार माहिती लोकांसमोर यायला लागली, कारण तिथे कोणीतरी नावे गावनिहाय लिहून ठेवली होती. आपल्या कोकणात आणि सातारा भागात गावोगावी संगमरवरी पाट्या आहेत. या गावातून इतके पुरुष महायुद्धात गेले आणि इतके मेले, असे त्या सांगतात. पाटीवर आकडा आहे, नाव एकही नाही. त्या गावच्या पणतवंडांना आज आपला माणूस शोधायचा तर सुरुवात कुठून करावी हे कळत नाही. १९६५ आणि १९७१ च्या आपल्या माणसांची अशी गत होऊ नये, कारण ती अजून आपल्यात आहेत आणि त्यांना विचारता येते.

काम कसे करायचे ते थोडक्यात सांगतो. डिस्चार्ज बुकची पाने स्कॅन करा किंवा स्वच्छ फोटो काढा, आर्मी नंबर स्वतंत्र वहीत उतरवून ठेवा. घरी पदक असेल तर त्याची कड उजेडात धरून पाहा. बऱ्याच पदकांच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेले असते, आणि पुस्तकात नोंद नसेल तर ती कडच पुरावा ठरते. अर्ज मूळ रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे करायचा. गार्ड्सचे ऑफिस इथेच कामठीला आहे, विदर्भातून ज्या महार रेजिमेंटमध्ये इतके जण गेले तिचे मध्य प्रदेशात सागरला, मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, तोफखान्याचे नाशिकरोडला, सिग्नल्स आणि ग्रेनेडियर्सचे जबलपूरला, वायुसेनेचे दिल्लीला. अर्जात पलटण, ठिकाण आणि तारखा ठामपणे लिहा. सोबत सेवा केलेल्या दोघांची शपथपत्रे जोडता आली तर उत्तम. कागद काय शिल्लक आहेत हेच माहीत नसेल तर आधी माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या शुल्कासह सेवापत्रक आणि लाँग रोलची प्रत मागा. पात्रता मान्य झाली की आदेश निघून नोंद होते. पदक हाती यायला त्यानंतरही वेळ लागू शकतो, कारण पदकांच्या पुरवठ्याची टंचाई सेवेतल्या जवानांनीही वर्षानुवर्षे सोसली आहे. त्याने निराश होऊ नका. नोंद झाली की मुख्य काम झाले. रेकॉर्ड ऑफिसने सबळ कारणाशिवाय नाकारले तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ आहे.

हे सगळे ऐंशीच्या घरातल्या माणसाने एकट्याने करावे अशी अपेक्षा ठेवणे चुकीचे आहे. विधवांच्या बाबतीत तर नवऱ्याची पलटण कोणती हेही घरात सांगता येत नाही. म्हणून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला विनंती आहे की १९७५ पूर्वी सुटलेल्यांची, विशेषतः पेन्शन नसलेल्यांची, तालुकावार यादी करून पदकांच्या रकान्याची तपासणी हाती घ्यावी. ग्रामपंचायतींनी आपल्या गावातल्या फौजींची नावे, नंबर आणि पलटणी एका वहीत लिहून काढाव्यात. महाविद्यालयांतील एनसीसीच्या तुकड्यांनी या वृद्धांकडे जाऊन कागद स्कॅन करावेत आणि त्यांच्या तोंडून सेवेचा तपशील लिहून घ्यावा. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात वकिली करणाऱ्यांनी शपथपत्रे आणि अपिलांसाठी आपले काही तास विनामूल्य द्यावेत. आणि माजी सैनिकांनो, तुमच्यातले बरेच जण म्हणतील की आम्ही पदकासाठी लढलो नाही. ते खरे आहे. पण तुमच्या सोबत्याच्या अर्जाला तुमची साक्ष लागणार आहे. ती नाकारू नका आणि लांबणीवरही टाकू नका.

ज्यांच्या घरी डिस्चार्ज बुक आहे त्यांनी येत्या रविवारी ते बाहेर काढून पदकांचा रकाना वाचावा. ज्यांच्या घरी नाही त्यांनी शेजारच्या फौजीकडे जावे, त्याला विचारावे आणि त्याचा अर्ज लिहून द्यावा.