गुरुजींची यादी

रस्त्याला खडी लागते आणि खडीला दगड लागतो, हे सांगायला अग्रलेख कशाला हवा? पण ज्या मुलखात दगडाची खाणच नाही तिथे काय करायचे? उत्तर जर्मनीत आल्टमार्क नावाचा असा एक शेतकरी मुलूख आहे. जमीन सपाट, रेताड. हिमयुगात बर्फाने थेट स्कँडिनेव्हियातून ओढत आणून टाकलेले धोंडे, एवढाच काय तो तिथला दगड. त्यातले मोठे मोठे धोंडे निवडून साडेपाच हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांनी आपल्या मृतांसाठी थडगी रचली. उभे धोंडे, त्यांवर आडवे धोंडे, आत खोली. आपल्याकडे जुने काही दिसले की ‘पांडवांनी एका रात्रीत बांधले’ म्हणतात ना, तसे तिकडचे लोक यांना राक्षसांची थडगी म्हणत.

एकोणिसाव्या शतकात पक्के रस्ते आले, पूल आले. मग काय विचारता! राक्षसाचे थडगे म्हणजे आयती खाण. फोडा आणि गाडीत भरा. शेतकऱ्याचीही ना नसे. नांगराला आडवा येणारा धोंडा परस्पर जात असेल तर तो कशाला अडवेल? त्याला नावे ठेवणे सोपे आहे, पण पोट शेतावर असणाऱ्याने ती ठेवू नयेत.

या मुलखात जाल्त्सवेडेल नावाचे जुने व्यापारी गाव आहे. कार्ल मार्क्सची बायको जेनी इथलीच. इथल्या शाळेत योहान फ्रीडरिश डानाइल नावाचे एक गुरुजी होते. जन्म १७८३ चा, त्याच मुलखातला. आधी शिक्षक, पुढे मुख्याध्यापक. पुराणवस्तू शोधण्याचे काम त्यांना कोणी नेमून दिलेले नव्हते. शाळा सांभाळून त्यांनी आसपासची थडगी आणि मातीचे उंचवटे उकरले, आणि उकरताना एक साधी शिस्त पाळली. कोणती वस्तू कुठल्या थडग्यात आणि कशाच्या सोबतीने मिळाली, ते लिहून ठेवायचे.

साधी वाटते, पण सगळी मेख तिथेच आहे बरं का. त्या काळचे हौशी लोक चांगली दिसणारी वस्तू उचलून कपाटात मांडत. कपाटात दगडी कुऱ्हाड, काशाचे कडे आणि लोखंडी सुरी शेजारी शेजारी बसली की कोण आधीचे, कोण नंतरचे, कळायला मार्ग नाही. गुरुजींनी वस्तू सोडून सोबत पाहिली. मोठ्या धोंड्यांच्या थडग्यांत दगडाची हत्यारे निघत. काशाच्या वस्तू दुसऱ्या तऱ्हेच्या पुरणांत, लोखंड आणखी तिसऱ्या. म्हणजे हे एका काळचे लोक नव्हेत. आधी दगड, मग कासे, मग लोखंड. १८३६ साली त्यांनी हे छापून मांडले. कार्बनवरून वय काढायची युक्ती यायला तेव्हा शंभरावर वर्षे होती, आणि बायबलवरून जगाचे वय सहा हजार वर्षे मोजणारे पुष्कळ होते!

नेमक्या त्याच साली कोपनहेगनच्या संग्रहालयातल्या थॉमसेन यांचेही तीन युगांचे पुस्तक निघाले, आणि श्वेरीनचे लिशही त्याच सुमारास तिथवर पोचले. नाव राहिले ते थॉमसेन यांचे. पहिला कोण यावर पुढे वाद झाले. त्यात आपल्याला पडायचे कारण नाही. थॉमसेन यांच्यापुढे देशभरातून आलेला संग्रह होता आणि गुरुजींकडे शाळेभोवतालची शिवारे होती, एवढे ध्यानात घेतले म्हणजे पुरे.

आमच्या मते त्यांचे खरे मोठे काम त्यानंतरचे आहे. थडगी फुटत चालली होती. ती थांबवण्याचा अधिकार एका शाळामास्तराला कुठला? तेव्हा त्यांनी यादी केली. १८४३ साली आल्टमार्कमधल्या शंभराहून जास्त थडग्यांची गावोगावची नोंद छापली. त्यातली निम्म्याहून अधिक आज जागेवर नाहीत, पुलांत आणि पायांत गेली. कुठल्या शिवारात ती होती हे आज सांगता येते ते पुष्कळ अंशी या यादीमुळे. १८५९ साली, पंचाहत्तरी उलटल्यावर, त्यांनी तिथल्या शेतकऱ्यांच्या बोलीचा कोशही काढला. दगड जातात तसे शब्दही जातात, हे त्यांनी ओळखले असावे. १८६८ मध्ये ते वारले. जाल्त्सवेडेलच्या संग्रहालयाला आज त्यांचे नाव आहे.

तुम्ही म्हणाल, तिकडच्या मास्तराचे आम्हाला काय? आपल्या गावाबाहेरच्या पांढरीची माती ट्रॉलीने शेतात जाते, तीत खापरे असतात. वीरगळ कुणाच्या पायरीला असतो, कुणाच्या गोठ्यात. शेतकरी बोलत नाही, कारण ‘सांगितलं तर सरकार जमीन घेईल’ ही धास्ती. धास्ती खोटी म्हणवत नाही. पण दायमाबादच्या काशाच्या मूर्ती १९७४ साली झुडपाचे खोड खणताना एका गावकऱ्यालाच सापडल्या होत्या, संशोधकाला नव्हे. नोंद करायला जमीन द्यावी लागत नाही. आपल्या गुरुजींच्या मागे निवडणूक आहे, खानेसुमारी आहे, खिचडीचा हिशोब आहे, हे आम्ही जाणतो. तरी एक वही घाला. कुणाचे शेत, गट नंबर, विहिरीपासून कुठल्या बाजूला, किती दगड, सोबत काय मिळाले. फोटो मोबाइलवर काढा, पण तेवढ्यावर राहू नका, मोबाइल बदलतो. आणि पहिल्या पानावर गाव, तालुका आणि तारीख लिहायला विसरू नका.