डिझायनर डुलणं, दोन हजारांत!

ताईला सातवा महिना लागला आणि आमच्या घरात गिफ्टच्या मीटिंगा सुरू झाल्या. आई चांदीच्या वाळ्यांवर ठाम, बाबा एफडीवर. मी म्हटलं, बाळाला सगळेच देतील, मी ताईला देणार. रात्री-अपरात्री बाळाला घेऊन बसायला मस्त डुलणारी खुर्ची. तीही साधीसुधी नाही, ईम्स स्टाइल!

ईम्स म्हणजे चार्ल्स आणि रे ईम्स, अमेरिकेतलं डिझायनर जोडपं. १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने स्वस्त फर्निचरची स्पर्धा घेतली. त्यात उतरलेली त्यांची एकसंध बैठकीची खुर्ची १९५० मध्ये फायबरग्लासमध्ये बाजारात आली. बैठक एकच, पाय हवे तसे. खाली लाकडी रॉकर लावले की झाली रॉकिंग चेअर. कर्मचाऱ्याच्या घरी बाळ आलं की हर्मन मिलर ही कंपनी हीच खुर्ची भेट द्यायची. क्यूट ना?

पण सामान्यांना परवडावी म्हणून जन्मलेल्या या खुर्चीची आजची ओरिजिनल किंमत ऐकली की उभ्या उभ्याच डुलायला होतं. मग ठरवलं, घरीच करायची. आयडिया उसनी, मेहनत आपली. आणि कुणी विचारलं तर ‘ओरिजिनल’ म्हणून मिरवायचं नाही.

पुण्याच्या जुन्या बाजारात, एसटी स्टँडवर असायची तशी फायबरची एक बकेट सीट सहाशेला मिळाली. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून १९ एमएम प्लायचा कटपीस आणि जुन्या सागाच्या पट्ट्या आणल्या. दोन फुटांची दोरी घेऊन प्लायवर झकास गोलाई आखली, रॉकर कापले, बोल्ट मारले. लुक एकदम सही. ऐटीत बसले, जरा मागे रेलले आणि थेट पाठीवर! मागे सोफा होता म्हणून डोकं वाचलं. हसायला आलं, पण क्षणभरच. मांडीवर बाळ असतं तर?

दुसऱ्या दिवशी तोंड पाडून सोसायटीच्या सुतारकाकांकडे गेले. त्यांनी खुर्ची एकदा हलवली आणि विचारलं, “झोपाळ्याला वर कडी असते की नाही?”

“असते.”

“हिलाही असते. फक्त दिसत नाही. दोरीचं टोक जिथं धरून गोलाई आखलीस ना, ती हिची कडी. ती बसणाऱ्याच्या पोटाच्या चांगली वर पाहिजे. तुझी खालीच राहिली, मग माणूस कलंडणारच.”

पूर्ण फिजिक्स एका झोपाळ्यात! बसलेल्या माणसाचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण दोन-सव्वादोन फुटांवर येतो. गोलाईची त्रिज्या त्याहून बरीच मोठी हवी. आम्ही दोरी साडेतीन फुटांची घेतली. म्हणजे चक्क हॉलच्या फरशीवर आखणी!

तर दोस्तहो, फंडा असा. रॉकर ३२ इंच लांब ठेवा. मागच्या पायाच्या मागे त्याचं शेपूट आठ-दहा इंच राहू द्या, तेच उलटण्यापासून वाचवतं. दोन्ही रॉकर एकत्र शिकंज्यात आवळून एकदमच कापा, नाहीतर खुर्ची तिरकी चालते. पायांच्या टोकांना खाच पाडून रॉकर त्यात बसवा. फेविकॉल लावाच, पण भिस्त आठ एमएमच्या नट-बोल्टवर ठेवा. दोन्ही बाजू आडव्या पट्ट्यांनी जोडून त्यावर बकेट घट्ट बसवा. फायबरचे धागे उघडे पडलेली सीट घेऊ नका, आणि घासताना मास्क मस्ट. पॉलिश पेपर ८०, १२०, २२० याच क्रमाने. रंग शिसंविरहित. आणि बाळ रांगायला लागलं की खुर्ची भिंतीकडे. रॉकरखाली बोटं चिरडू शकतात.

हिशेब? सीट ६००, प्लाय ४००, साग ४५०, कटिंग २५०, बाकी किरकोळ २८०. एकूण १,९८०. फसलेल्या रॉकरचं प्लायही यातच धरलंय.

१९५८ मध्ये हे ईम्स जोडपं भारत सरकारच्या निमंत्रणावरून इथे आलं होतं. त्यांच्या अहवालातूनच पुढे १९६१ मध्ये अहमदाबादला एनआयडी उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी मनापासून कौतुक कशाचं केलं, माहितेय? आपल्या लोट्याचं. पाणी भरायचं, कमरेवर धरायचं, ओतायचं, या सगळ्यातून घडलेल्या त्याच्या आकाराचं. पाठीवर आपटल्यानंतर मला ते पटलं. फोटोवरून मी लुक उचलला होता. वळण मात्र बसणाऱ्याकडून घ्यायचं राहून गेलं होतं.

दुसऱ्या रॉकरवर आधी मी बसले, मग बाबा, मग दहा-दहा किलोच्या तांदळाच्या पिशव्या मांडीवर घेऊन पुन्हा मी. आठवडाभर. मगच ताईकडे पाठवली.

भाची आता तीन महिन्यांची आहे. रात्री दोनला रडली की ताई तिला घेऊन खुर्चीकडे जाते. अर्थात, आधी जिजाजींना उठवावं लागतं. ते तिथेच घोरत असतात!