सराफ्यातील रात्र

मित्रांसह परगावी गेल्यावर खाण्यात वेळ दवडू नये, असे पुष्कळांना वाटते. मला ते पटत नाही. इंदूरला होळकरांचा सात मजली राजवाडा आम्ही चौघांनी अर्ध्या तासात उरकला; त्यातही निम्मा वेळ छायाचित्रांत गेला. रात्री सराफ्यात गेलो. दिवसा जेथे सोन्याचांदीचा व्यवहार चालतो, तेथेच दुकाने मिटल्यावर भुट्ट्याचा कीस शिजतो, हिवाळ्यात गराडू तळले जातात. एका द्रोणात चौघांचे हात पडले की घाई आपोआप सरते. १९८४ साली राजवाडा आगीत होरपळला होता, ही हकिकत आम्हांला तेथील एका वृद्ध गराडूवाल्याकडून कळली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही राजवाडा पुन्हा पाहिला. या वेळी सावकाश.